फोटो सगळे पाठवतात, फी कोणी देत नाही

पत्राचा गोषवारा: देवगड तालुक्यातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय पस्तिशीच्या आसपास. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून त्यांनी उद्यानविद्येत एम.एस्सी. केलं आणि पुढे नऊ वर्षं नाशिक भागात निर्यातीच्या द्राक्षबागांवर काम केलं. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या आजारपणामुळे त्या सासरी गावात आल्या आणि आंबा-काजूच्या बागांना सल्ला देण्याचं काम स्वतःच्या नावाने सुरू केलं. इथे ओळख नाही म्हणून एक ऑनलाइन वर्ग केला. तिथे शिकवलं गेलं की रोज पोस्ट टाका, सगळीकडे दिसत राहा, काम मागे येईल. फेसबुक, इन्स्टाग्राम, लिंक्डइन आणि व्हॉट्सॲपच्या अनेक ग्रुपांवर त्या वर्षभर रोज लिहीत आहेत. सहा हजार लोक त्यांना फॉलो करतात. मोहोराच्या दिवसांत पहाटेपासून फोटो येऊ लागतात, "ताई, वायच बघा हो, मोहर काळो पडलो, काय मारू?" उत्तर मिळालं की माणूस गप्प. पैसे देऊन काम देणारे वर्षभरात दोघेच भेटले, दोघेही बागेचे मालक पण राहायला मुंबईत. तालुक्यातले एक औषधविक्रेते रोज व्हिडिओ करतात आणि ते हजारो लोक बघतात. त्यातली एक चूक यांनी खाली लिहून दाखवली, तर लोक यांच्यावरच तुटून पडले. एका कंपनीने झाडांच्या टॉनिकची तारीफ करण्यासाठी पैसे देऊ केले आहेत. सासरे म्हणतात, "ह्या सगळा कशाक व्हया? लोक काय म्हणतले?" त्या विचारतात: आपणही व्हिडिओ सुरू करावेत का, कंपनीचे पैसे घ्यावेत का, की सगळं सोडून नाशिकची नोकरी पुन्हा धरावी?

उत्तर:

तुम्ही प्रश्न तीन विचारलेत, पण मला अडवून धरलं ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याने. पैसे देऊन काम देणारे दोघे, आणि दोघेही मुंबईचे. हा योगायोग नाही असं मला वाटतं. तुमच्या बहुतेक प्रश्नांची वाट तिथूनच जाते, म्हणून आधी त्याबद्दल बोलू.

तुम्हाला वर्गात शिकवलं गेलं की जास्त लोकांना दिसलं की काम येतं. तुम्ही ते मनापासून केलंत, घरचं आजारपण सांभाळून वर्षभर रोज लिहिलंत. काम आलं नाही तेव्हा तुम्ही निष्कर्ष काढलात की आपण कमी पडलो, आता व्हिडिओही करायला हवेत. पण कोणाला दिसायचं हे त्या वर्गात कुणी विचारलेलं दिसत नाही. तुमच्या आसपासच्या बागायतदाराला आज सल्ला कुठे मिळतो ते बघा. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर. तिथे सल्ला फुकट असतो, कारण त्याची किंमत बाटलीतच धरलेली असते. शिवाय औषध उधारीवर मिळतं, आंब्याचे पैसे हातात आले की हिशेब चुकता. ही सोय तुम्ही देऊ शकत नाही आणि देऊही नये. म्हणजे ज्याला सल्ल्यासाठी वेगळे पैसे मोजायची सवयच नाही, त्याच्यासमोर तुम्ही वर्षभर उभ्या आहात. तो चिकट आहे असं समजू नका. एका अवकाळी पावसात ज्याचं वर्षाचं गणित कोसळतं, तो आधीच मिळत असलेल्या गोष्टीला दुसऱ्यांदा पैसे का देईल?

आता ते दोन मुंबईकर घ्या. त्यांची गोष्ट कोकणात घरोघरी आहे. वडिलोपार्जित बाग, शंभर-दीडशे कलमं, भावंडं डोंबिवलीत, बोरिवलीत, पुण्यात, एखादा आखातात. बाग कराराने दिलेली. करारदाराला त्याच्या मुदतीत जास्तीत जास्त फळ हवं असतं आणि ते लवकर हवं असतं, कारण मार्चच्या पेटीला मिळणारा भाव मे महिन्यात मिळत नाही. मग पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर लवकर आणणारं औषध, ज्याला सगळे कल्टार म्हणतात, ते पावसाळ्यात बुंध्याभोवती घातलं जातं. मोजून, शिफारशीनुसार, खतांचा पुरवठा राखून घातलं तर ते उपयोगाचं आहे. तोच हात सैल सुटला, झाडाची ताकद न बघता दर वर्षी जास्त पडत गेलं, तर पालवी आखूड येते, फांद्या वाळायला लागतात, कलम वेळेआधी थकतं. सगळे करारदार असं करत नाहीत, जपून बाग करणारेही आहेत. पण मालकाला फरक कळणार कसा? तो येतो गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. बाग हिरवी दिसते, पेटी घरी पोहोचते, आणि झाडांचं काय झालं ते करार संपल्यावर समजतं.

या माणसाला औषधाचं नाव नको आहे. त्याला बागेत कुणीतरी आपलं हवं आहे, ज्याला कळतं आणि ज्याला काही विकायचं नाही. तो पैसे द्यायला तयार असतो, तो इंटरनेटवरच असतो, आणि त्याला तुम्ही सापडत नाही, कारण तुमच्या पोस्टमध्ये आहे ‘मोहोर संरक्षणाचे पाच उपाय’. ते त्याला काय उपयोगाचे? फवारणी तो करतच नाही.

दुसरे लोक निर्यातदार आणि प्रक्रिया करणारे. इथे तुमची नाशिकची नऊ वर्षं बोलतात, आणि त्यांचा उल्लेख तुम्ही पत्रात जवळजवळ माफी मागितल्यासारखा केला आहे, ‘पण ते द्राक्षांचं होतं’ असा. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षं नाकारली गेली, आणि त्यानंतर तिथल्या बागांमध्ये औषधांच्या नोंदी, शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात सोडायचा काळ, फळात उरलेल्या औषधाच्या अंशाची (उर्वरित अंशाची) तपासणी यांना किती महत्त्व आलं ते तुम्ही रोजच्या कामात पाहिलं आहे. आंब्यालाही चटका बसला आहे. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीमुळे भारतीय आंब्याला बंदी घातली, ती २०१५च्या सुरुवातीला उठली. निर्यातीच्या आंबा बागांची मँगोनेट या ऑनलाइन व्यवस्थेवर नोंदणी होते, तिथे फवारणीच्या नोंदी लागतात. ही शिस्त ज्याच्या अंगवळणी पडलेली आहे असा माणूस बागायतदाराला शेजारी सहज मिळत नाही. तुमचं वेगळेपण इथे आहे आणि तुम्ही ते झाकून ठेवलंय.

म्हणून पहिलं काम प्रोफाइलचं. आज तिथे लिहिलंय ‘कृषी तज्ज्ञ, मार्गदर्शक, उद्योजिका, वक्ता’. चारही शब्द कुणालाही लावता येतात, त्यामुळे ते कुणाचेच नाहीत. त्याऐवजी असं काहीसं लिहा: ‘आंबा बागांची तपासणी आणि औषधांच्या उर्वरित अंशाचं नियोजन. देवगड, राजापूर, कणकवली परिसर. निर्यातीच्या द्राक्षबागांवर नऊ वर्षं. औषधविक्री करत नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. तुमच्या व्यवसायात त्याच वाक्यावर सगळं उभं आहे.

आता लिहिण्याबद्दल. रोज पोस्ट टाकायचा हा नियम तुम्ही आजच सोडलात तर मला आनंद होईल. रोज सांगण्यासारखं कुणाकडेच नसतं. मग माणूस इकडचं तिकडचं उचलतो, आणि तुमच्या पोस्टमध्ये ते दिसतं. ‘तुडतुड्यांचे एकात्मिक नियंत्रण’ या पोस्टमधला मजकूर तुमचा नाही हे वाचणाऱ्याला कळतं, तो विद्यापीठाच्या फवारणी वेळापत्रकातून जसाच्या तसा आला आहे. वेळापत्रक सगळ्यांकडे आहे. तुमच्याकडे काय आहे? समोरचं झाड बघून ते वेळापत्रक कुठे लागू पडतं आणि कुठे नाही हे सांगण्याची नजर.

तो काळ्या मोहोराचा फोटोच घ्या. फोटोत काळं दिसतंय एवढंच कळतं. ते तुडतुड्यांच्या, म्हणजे मोहोराचा रस शोषणाऱ्या किड्यांच्या, चिकट स्रावावर वाढलेली काळी बुरशी असू शकते किंवा करपा हा रोग असू शकतो, आणि दोन्हींचा इलाज वेगळा. तुम्ही ग्रुपवर औषधाचं नाव सांगून मोकळ्या होता, कारण रांगेत आणखी फोटो असतात. त्याऐवजी एवढंच लिहा: ‘मोहोराच्या खालचं पान हातात घ्या. चिकट लागतंय का? काळा थर ओल्या बोटाने पुसला जातो का? पुसला जात असेल तर झाडावर तुडतुडे शोधा, मोहोराची दांडी हलवली की उडतात. पुसला जात नसेल, दांडीवर काळे खोलगट डाग असतील, आणि गेल्या आठवड्यात पाऊस किंवा दाट धुकं झालं असेल तर करप्याचा संशय घ्या. बघून मला कळवा, मग पुढचं बोलू.’ या उत्तरात तुमची विद्या दिसते. हे वाचणारा बागायतदार दुसऱ्या दिवशी स्वतः बोट लावून बघतो आणि त्याला ते कुणी शिकवलं हे लक्षात राहतं. वाचणारा मुंबईचा मालक मनात म्हणतो, ही बाई विचारते, मग सांगते. कुणीही असाच माणूस शोधत असतो.

आणि गोष्ट तिथे संपवू नका. आठ-दहा दिवसांनी त्याच बागायतदाराला विचारा काय झालं, आणि त्याच धाग्याखाली लिहा. ‘करपा समजलो होतो, निघाले तुडतुडे’ असं निघालं तरी लिहा, तारखेसकट. नाव कमावण्याबद्दल मला मनापासून सांगायचं आहे ते हेच. इंटरनेटवर सल्ला देणाऱ्यांची रांग लागली आहे, पण सल्ल्याचं पुढे काय झालं हे सांगणारा क्वचित सापडतो. दोन मोहोरांच्या अशा नोंदी एका जागी साठल्या की ती तुमची सगळ्यात मोठी शिफारस होईल. कुणी तुमचं नाव शोधलं तर त्याला सुविचार सापडू नयेत, या नोंदी सापडाव्यात. आठवड्याला एक नोंद पुरे आहे. मोहोरात दोन, पावसाळ्यात महिन्याला एक झाली तरी बिघडत नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळा. बागायतदाराला विचारल्याशिवाय त्याच्या बागेचा फोटो टाकायचा नाही, आणि विचारल्यावरही नाव-वाडी लिहायची नाही. आंब्याच्या धंद्यात ‘त्याच्या बागेत रोग आहे’ एवढी कुजबूज दलालापर्यंत गेली तरी भाव पडतो. तुमच्याकडे आलेली माहिती बाहेर जात नाही हे लोकांना जेवढ्या लवकर कळेल तेवढं चांगलं.

फुकट सल्ल्याचं काय करायचं? बंद करू नका. गावात राहून, शेजाऱ्याचा मोहोर काळा पडलेला असताना ‘आधी फी’ म्हणणं तुम्हालाही जमणार नाही आणि मलाही ते बरं वाटत नाही. फक्त त्याला कुंपण घाला. ग्रुपवर स्पष्ट लिहा की फोटोवरचे प्रश्न बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी बघेन, फोटोवरून पक्कं निदान होत नाही, बागेत येऊन तपासणी आणि लेखी अहवाल हवा असेल तर फी अशी आहे. आकडा लिहा. तुम्ही पत्रात म्हणता की ‘पैशाचं बोलताना संकोच होतो, समोरच्याने समजून द्यावं’. समोरचा समजून घेत नाही, कारण त्याला किती द्यायचे हेच माहीत नसतं, आणि विचारायचा संकोच त्यालाही असतोच. लिहिलेला आकडा दोघांनाही सोडवतो. शिवाय पहाटे पाचला उत्तर देणं थांबेल, जे तुमच्या तब्येतीसाठी मला फार गरजेचं वाटतं.

मग माणसांपर्यंत पोहोचायचं कसं? इथे एक जुना अभ्यास कामाचा आहे. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलं की नव्या कामाची खबर जिवलगांपेक्षा दूरच्या, अधूनमधून भेटणाऱ्या ओळखींकडून जास्त येते. कारण उघड आहे. आपल्या जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. २०२२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांवर केलेल्या प्रयोगांचा अभ्यास आला. त्यात दिसलं की नोकरी मिळायला सर्वांत उपयोगी पडतात त्या मध्यम दूरच्या ओळखी. अगदी घट्ट नव्हेत आणि निव्वळ अनोळखीही नव्हेत. आता तुमचं बघा. सहा हजार अनोळखी एका बाजूला, घर आणि वाडी दुसऱ्या बाजूला. मधला पट्टा रिकामा. दापोलीचे वर्गमित्र कुठे आहेत? कुणी कृषी खात्यात असेल, कुणी बँकेत शेतीकर्ज बघत असेल, कुणी वाशीला निर्यातदाराकडे असेल. नाशिकच्या कंपनीतले सहकारी? त्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे की तुम्ही आता देवगडात काम करता? पत्रावरून वाटतं, फार थोड्यांना. नोकरी सोडून सासरी आल्याची जी हुरहूर आहे तिच्यामुळे तुम्ही त्या लोकांना टाळत असाल, तर ते मी समजू शकते. पण नाशिकला तुम्ही मोठ्या होतात आणि आता छोट्या झालात असं काही घडलेलं नाही. काम तेच आहे, जमीन लाल आहे एवढंच.

त्यांना एकेकाला लिहा. सगळ्यांना एकच मजकूर ढकलू नका. साधारण असं: ‘नमस्कार सर, आपण दिंडोरीच्या प्लॉटवर दोन हंगाम बरोबर होतो. मी आता देवगडला आहे, आंबा बागांची तपासणी आणि फवारणीच्या नोंदी बघते. इथल्या पाच बागांचा या वर्षीचा अहवाल सोबत जोडते, वेळ मिळाला तर नजर टाका, काही चुकलं असेल तर सांगा.’ काम मागू नका. अहवाल दाखवा आणि मत विचारा. पुढे त्यांच्याकडे कुणी आंब्याबद्दल विचारणा केली की त्यांना तुमची आठवण येते, आणि ‘माझ्या ओळखीची आहे’ असं म्हणताना त्यांच्या हातात दाखवायला कागद असतो. आठवड्याला अशी दोन पत्रं लिहिलीत तरी वर्षात तो मधला पट्टा भरून निघेल. त्यांच्या कामाबद्दलही विचारा. त्यांच्यासाठी काही करता आलं, एखादी माहिती, एखादा माणूस जोडून देणं, तर आधी ते करा.

भौगोलिक मानांकनाचंही, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं या मान्यतेचंही, लक्षात ठेवा. कोकणच्या हापूसला ते २०१८ साली मिळालं. जे बागायतदार त्यासाठी अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद करतात त्यांना आपला माल खरा आहे हे ग्राहकाला पटवायचं असतं. म्हणजे तिसऱ्या माणसाच्या कागदाचं मोल त्यांना आधीपासून कळलेलं आहे. थेट ग्राहकाला पेट्या विकणारे तरुण बागायतदार त्यांच्यातच सापडतील. तुमच्या आसपास फी देणारा गाववाला कुणी निघालाच तर तो इथे निघेल.

मुंबईच्या मालकांसाठी एक ठरलेलं काम तयार करा. वर्षात तीन भेटी: पावसाळ्यात, मोहोरात, काढणीआधी. प्रत्येक भेटीचे तारखेसह फोटो आणि दोन-तीन पानांचा साधा अहवाल, कोणती कलमं थकलीत, कुठे वाळकी आहे, खतं पडलीत का. पहिल्या भेटीआधी करारदाराला फोन करा, त्याला सांगून बागेत जा आणि अहवालाची प्रत त्यालाही द्या. त्याच्या पाठीमागे गेलात तर एका हंगामात तालुकाभर दारं बंद होतील. समोरून गेलात तर त्यातले शहाणे करारदारच पुढे तुम्हाला बोलावतील. तुमच्या आजच्या दोन मुंबईकरांना विचारा, चार ओळी लिहून द्याल का, लिंक्डइनवर किंवा गुगलवर. ‘फार छान’ असं नको. आधी काय अडचण होती आणि नंतर काय कळलं, एवढं लिहून द्या म्हणावं.

हे फक्त आंब्याला लागू नाही. चिरेबंदी घरांची दुरुस्ती जाणणारा चिपळूणचा इंजिनिअर, रत्नागिरीत राहून हिशेब बघणारी लेखापाल, मालवणात पाण्याखाली पोहायला शिकवणारा प्रशिक्षक, घरून भाषांतर करणारी गुहागरची मुलगी, अशा अनेकांची पत्रं या सदराकडे येतात. बहुतेकांची तक्रार तुमच्यासारखीच असते, लोक बघतात पण काम देत नाहीत. त्यांनीही आधी हे लिहून काढावं की आजवर पैसे कोणी दिले, तो माणूस कुठे राहतो, आणि त्याला आपलं नाव कुणी सांगितलं. उत्तर बऱ्याचदा अनपेक्षित दिशेला निघतं.

आता तुमचे उरलेले प्रश्न.

कंपनीचे पैसे घेऊ नका. कायद्याने बघितलं तरी पैसे घेऊन तारीफ करताना तसं उघड सांगावं लागतं. जाहिरात मानक परिषदेचे समाजमाध्यमांसाठीचे नियम २०२१चे आहेत आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ची. पण तुमच्या बाबतीत उघड सांगूनही भागणार नाही. कपडे-भांडी दाखवणाऱ्याने जाहिरात केली तर लोक समजून घेतात. तुमच्याकडे माणूस येणार तोच मुळी ‘ही काही विकत नाही’ म्हणून. एका टॉनिकच्या पैशासाठी ते गेलं तर परत मिळवायला किती हंगाम जातील सांगता येत नाही. पैशाची निकड आहे हे मला दिसतं आहे, आणि म्हणूनच फीचा आकडा लिहा असं मी इतकं आग्रहाने सांगते आहे.

व्हिडिओ करायचे तर करा, पण त्या विक्रेत्यांना गाठण्यासाठी नको. त्यांच्या व्हिडिओखाली लिहिलेली दुरुस्ती बरोबर होती, हे तुम्ही दिलेल्या तपशिलावरून पटतं. तरीही दुसऱ्याच्या अंगणात त्याच्या माणसांसमोर त्याला खोडून काढलं की वाद औषधाचा राहत नाही, मानाचा होतो. पुढच्या वेळी आधी फोन करा. त्यांनी ऐकलं नाही, आणि मुद्दा माणसाच्या आरोग्याचा किंवा माल नाकारला जाण्याचा असेल, म्हणजे त्या पिकासाठी लेबलवर शिफारस नसलेलं औषध किंवा काढणीच्या तोंडावरची फवारणी, तर तुमच्या स्वतःच्या पानावर त्यांचं नाव न घेता, बाटलीवरच्या लेबलचा फोटो लावून लिहा. बाकी मतभेद सोडून द्या. तो माणूस तुमचा स्पर्धकही नाही, त्याचं गिऱ्हाईक वेगळं आहे.

सासऱ्यांबद्दल तुम्ही थोड्या चिडून लिहिलं आहे. मला त्यांच्या बोलण्यात विरोधापेक्षा काळजी जास्त ऐकू येते. घरातल्या सुनेच्या फोनवर पहाटे-रात्री परक्या पुरुषांचे संदेश येतात, हे त्यांनी वर्षभर पाहिलं आहे. त्यातलं खरं आहे तेवढं मान्य करा. कामाचा नंबर वेगळा घ्या, रात्री आठनंतर तो बंद. घराचं ठिकाण, मुलांचे फोटो कामाच्या पानावर नकोत. अनोळखी बागेत पहिल्या भेटीला एकटीने जाऊ नका. आणि मग त्यांनाच विचारा, ‘मामंजी, कोणाकोणाच्या बागा कराराने आहेत आणि मालक कुठे असतात?’ ही यादी त्यांच्याइतकी पक्की तुम्हाला इंटरनेटवर कुठेही मिळणार नाही. गणपतीत हे सगळे मालक चार-पाच दिवस गावात असतात. सासऱ्यांबरोबर दर्शनाला जाऊन ओळख करून घ्या, नंतर त्यांना लिंक्डइनवर किंवा व्हॉट्सॲपवर गेल्या मोहोराच्या नोंदी पाठवा. त्या ओळखीला सासऱ्यांचं नाव लागलेलं असेल, आणि ‘लोक काय म्हणतले’ हा प्रश्नही बराचसा सुटेल, कारण लोकांना सांगणारे तेच असतील.

नाशिकच्या नोकरीचा निर्णय आज घेऊ नका, येत्या जूनमध्ये घ्या, आंबा उतरून हिशेब झाल्यावर. तोवर आलेली प्रत्येक विचारणा वहीत मांडा: कोण, कुठला, कुणाकडून आला, पैसे दिले का. लाइक मोजू नका. आणि जुन्या कंपनीला आताच एक साधं पत्र टाका की हंगामापुरतं, फेब्रुवारी ते मे, कोकणातल्या बागांच्या नोंदी आणि नमुने गोळा करण्याचं काम असेल तर मी करीन. काही द्राक्षवाल्या कंपन्या आंब्याचाही व्यवहार करतात, आणि त्यांना देवगडात राहणारा, त्यांची पद्धत माहीत असलेला माणूस लागतो. नोकरी की स्वतःचं काम, असे दोनच पर्याय तुम्ही समोर ठेवलेत. पहिली दोन-तीन वर्षं दोन्ही थोडं थोडं करायला हरकत काय आहे?